दुकान वाढवलं

कासाराच्या घरात 'फुटली' हा शब्द चालत नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळ वाढवायचा, दिवा वाढवायचा, मंगळसूत्राचा दोरा तुटला तर मंगळसूत्र वाढलं म्हणायचं, आणि दिवेलागणीनंतर फळ्या लावायची वेळ झाली की दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. जे संपतंय त्याला वाढलं म्हणायचं, अशी आपली भाषा. धारवाडात सुभाष रोडच्या मागं कासार बोळ आहे. आहे कसला, होता म्हणा. तिथं यमुनाक्कानं ह्या एका शब्दाच्या आडोशाला सगळं आयुष्य काढलं, आणि शेवटी त्याच शब्दानं तिचा घात केला. कसा, ते सांगतो. ऐकायला बरं नाही, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

यमुनाक्का म्हणजे पांडुरंगअण्णा कासाराची बायको. दुकान त्याचं, पण दुकानाचे हात हिचे. अण्णा माल आणायचा, खोकी मांडायचा, आणि बोळाच्या तोंडाशी बाई दिसली रे दिसली की "बर्री अक्का, या, बसा" म्हणून चटई झटकायचा. बोलायला बसला की समोरच्या कपातला चहा थंड. बाई मराठी असो, लिंगायताची असो, मोमीन गल्लीतली असो, तिच्या सासरचं-माहेरचं सगळं त्याला पाठ. यमुनाक्का मात्र काम करताना बोलायची नाही. बाईचा पंजा आपल्या हातात घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी दाबायची, आणि चार बोटं अशी मिटवायची की हाताला हाड आहे की नाही असं वाटावं. मग बांगडी सरकायची. बाईनं हात आखडला की एकच वाक्य ठरलेलं.

"हात मऊ सोड गं. माझ्याशी भांडायला आलीस का बांगड्या भरायला?"

बांगड्या भरून झाल्या की बाई तिला वाकून नमस्कार करायची, मग ती कितीही मोठ्या घरची असो. आता मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यात रबरासारख्या ताणणाऱ्या बांगड्या मिळतात, ज्याच्या त्यानं घालाव्या आणि काढून फेकाव्या. कुणी कुणाचा हात हातात घेत नाही. सोयीचं आहे म्हणे. असेल बापडं.

पण यमुनाक्काचं खरं काम दुसरंच होतं, आणि त्याबद्दल बोळात कुणी मोठ्यानं बोलत नसे. बोळातल्या कुणाचा नवरा गेला की पहिला निरोप तिला यायचा. नातेवाईक दगड शोधेपर्यंत ही साबणाच्या पाण्याचं पातेलं घेऊन घरात शिरलेली असायची. "तो वरवंटा जागेवर ठेवा. माझ्या हातानं भरल्यात, माझ्याच हातानं उतरवीन." मग त्या बाईसमोर बसायची, पंजा हातात घ्यायची आणि एकेक बांगडी अख्खी बाहेर काढायची. एकही वाढू द्यायची नाही. नवरा गेलेल्या बाईला दुःख काय कमी असतं, त्यात आपल्याच मनगटावर काचेचा आवाज कशाला ऐकवायचा, असं तिचं म्हणणं. काढलेल्या बांगड्या फडक्यात बांधून केलगेरीच्या तळ्यात सोडून यायची आणि घरी येऊन अंघोळ करायची. त्या दिवशी जेवायची नाही.

समोरच्या गाळ्यात गोपाळ शिंपी. त्याची बायको शांता काज-बटणं करायची, हातशिलाई करायची. ब्लाऊजच्या काठाला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली. झोपताना तरी काढतेस का गं, असं अण्णा चिडवायचा. यमुनाक्का आणि शांता दोघी एकाच वर्षी ह्या बोळात लग्न होऊन आल्या होत्या. दोघींच्या जिभेवर तलवार आणि एकमेकींवर जीव. बाकीच्यांच्या त्या यमुनाक्का आणि शांताक्का, आपसात मात्र 'यमे' आणि 'शांते'.

गिरणीवाला महेश अपघातात गेला तेव्हाची गोष्ट. त्याची बायको अनिता अगदी कोवळी पोर. तिच्या बांगड्या उतरवून यमुनाक्का आली ती शांताच्या पायरीवरच बसली. पातेलं तसंच मांडीवर.

"शांते, सगळ्यांच्या मी काढते. माझ्या कोण काढणार गं?"

"जीभ झडो तुझी! तिन्हीसांजेला काय बोलतेस?"

"बोलायलाच पाहिजे. आपल्या आपण काढता येत नाहीत. एका हातानं पंजा दाबावा लागतो आणि दुसऱ्यानं सरकवावं लागतं. माझा तिसरा हात कुठाय?"

शांतानं हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाली, "शिकव मला."

आणि यमुनाक्कानं शिकवलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी आत बसायच्या. शांताचा हात शिंपिणीचा, सगळं ताणून बघायची सवय. "अगं सदरा आहे का तो, ओढतेस काय?" म्हणून यमुनाक्का तिला फटके मारायची. पण शिकली. उशीर लागला, पण शिकली. मग प्रश्न आला निरोपाचा. 'माझा नवरा गेला' हे सवाष्णीनं आधीच ठरवून ठेवायचं तरी कोणत्या शब्दांत? शेवटी यमुनाक्कालाच सुचलं.

"तेवढंच सांगायचं, दुकान वाढवलं, ये. तू समज. तुझ्यावर वेळ आली तर तूही तसंच सांग, मी समजेन."

"आणि खरंच दुकान वाढवलं असलं तर?"

"ते तर रोजच वाढवतो. त्याचा निरोप कोण धाडतं, येडे?"

दोघी हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढं बोळाचे दिवस फिरले. जुना मालक होता तोवर कुणाला काही नव्हतं. तो गेला आणि बेंगळुरूला असलेल्या त्याच्या मुलानं जागा एका बिल्डरला दिली. इथं कॉम्प्लेक्स होणार, खाली पार्किंग, वर काचा. गिरणी बंदच होती. पत्रावळीवाला गेला, घड्याळजी गेला. रिकाम्या गाळ्यात तात्पुरतं म्हणून मोबाईलच्या कव्हरांचं एक दुकान आलं आणि दिवसभर गाणी लावून बसलं. पांडुरंगअण्णाला सांगितलं होतं की नव्या इमारतीत तुम्हाला मोठा गाळा देतो. तोंडी हं, सगळं तोंडीच. पण अण्णा भोळा. येईल त्याला सांगायचा, "आमचं दुकान मोठं होणार बघा. आत एसी. बायका बसल्या की उठायच्या नाहीत." सगळे हो हो म्हणायचे. यमुनाक्का काही म्हणायची नाही, कारण त्याला दुसरं काहीच बोलायला उरलं नव्हतं.

गोपाळ शिंप्याची नजर गेली होती. त्याचा मुलगा निखिल हुबळीत देशपांडे नगरात औषधाचं दुकान चालवतो. त्यानं आई-वडिलांना फ्लॅटवर नेलं. जायच्या आदल्या दिवशी यमुनाक्कानं शांताला हिरव्या बांगड्या भरल्या, मनगट ते कोपर. शांता म्हणाली, "हुबळी काय लांब आहे का? चिगरी बसमध्ये बसले की आले." यमुनाक्का म्हणाली, "निरोप आला की उठायचं. चहा पीत बसायचं नाही." शांतानं तिच्या गळ्याची शपथ घेतली. नंतर एकदोनदा आलीही. मग आपलं फोनवर.

चैत्राचे दिवस. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून अण्णा उठला, कळशी भरली, दुकानाच्या पायरीवर टेकला आणि तिथंच कलंडला. मुलगा किरण रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं झालं होतं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

यमुनाक्का रडली नाही. तिनं सुनेला, वैशालीला सांगितलं, "साबणाचं पाणी कर. कोमट." आणि फोन घेऊन मागच्या दारी गेली.

शांताचा फोन तिच्या सुनेनं, प्रियानं उचलला. प्रिया दावणगेरेची. पोर गुणाची आहे, तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण माहेरची कन्नड, नोकरीतलं इंग्रजी, आणि मराठी आपली सासूच्या तोंडून कानावर पडेल तेवढी. निखिलही तिच्याशी कन्नडच बोलतो.

"आई मठाला गेल्यात आंटी. फोन विसरल्यात. काही काम होतं?"

यमुनाक्कानं डोळे मिटले. नवरा गेला हे वाक्य तिच्या तोंडून निघेना. निघायची गरजही नव्हती. शब्द तर कधीच ठरला होता.

"शांताला सांग, यमीनं दुकान वाढवलं. एवढंच सांग. म्हणावं, लवकर ये."

"हो का? छान झालं आंटी!" प्रिया म्हणाली. "सांगते हं."

छान झालं! यमुनाक्काच्या कानावर ते पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. ज्या बाईचा नवरा पायरीवर निजलाय तिला कोण काय म्हणतंय याचा पत्ता असतो होय? तिनं फोन वैशालीच्या हातात दिला आणि अण्णाच्या उशाशी येऊन बसली. निरोप गेला होता. शांता येणार होती. एवढं एक धरून ती बसली.

पूर्वी बोळात कुणी गेलं की एकजात सगळ्या फळ्या अर्ध्या लागायच्या. चुली पेटायच्या नाहीत, तिसऱ्या घरातून चहाची किटली यायची. आता फळ्या लावायला बोळात होतं कोण? मोबाईलवाल्यानं वेळेवर दुकान उघडलं आणि गाणं लावलं. किरणनं जाऊन सांगितलं तेव्हा आवाज थोडा कमी केला. खांदा द्यायला माणसं पाहिजेत म्हणून किरणनं तो कामाला होता त्या बेलूरच्या कारखान्यातली पोरं बोलावली. ती कंपनीचे शर्ट घालूनच आली आणि बोळाच्या तोंडाशी मोबाईल बघत उभी राहिली. त्यातल्या एकानंही अण्णाला कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर हजार बायकांना 'या, बसा' म्हणणाऱ्या माणसाच्या दारात बसायला घरच्याशिवाय कुणी नव्हतं. मला ह्याचाच राग येतो, आणि कुणावर काढायचा तेही कळत नाही.

अळणावरहून अण्णाची थोरली बहीण गोदावरी आली. आल्या आल्या तिनं गळा काढला आणि गळा काढून झाल्यावर यमुनाक्काच्या हाताकडं बघितलं.

"अजून ह्या हातात कशा?"

"शांता येतेय, वन्सं. ती काढील."

"ती कोण लागून गेली? आपल्यात का बायका नाहीत?"

"ती येऊ दे."

वैशालीला हे बघवेना. ती मध्ये पडली. "आत्या, मी म्हणते काढायच्याच कशाला? आता कोण काढतं? राहू देत ना हातात."

यमुनाक्कानं सुनेकडं पाहिलं. तिच्याही मनात ते कधी आलं नसेल असं समजू नका. हातातल्या बांगड्या तिच्याच दुकानातल्या होत्या, अण्णानंच निवडून काढलेल्या, हिरव्या, बारीक सोनेरी टिकलीच्या. पण ती म्हणाली, "अनिताच्या मीच काढल्या गं. एवढीशी पोर होती ती. सगळ्यांच्या मी काढल्या आणि माझ्या तेवढ्या राहू देत म्हणू? कोणत्या तोंडानं?"

ऊन चढलं. किरण आत-बाहेर करायला लागला. भटजी दोनदा विचारून गेले. "पुन्हा फोन लावू का?" वैशालीनं विचारलं.

"नको. तिला कळलंय. कळल्यावर ती थांबायची नाही."

इथंच तिचं चुकलं. पण चुकलं तरी कसं म्हणू? इतक्या वर्षांच्या मैत्रिणीवर एवढा भरवसा टाकला नसता तर ती यमुनाक्का कसली? वैशालीनं सासूला चोरून एकदा फोन लावलाच. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

पातेल्यातलं पाणी थंड झालं. वैशालीनं ते परत गरम केलं. तेही थंड झालं.

शेवटी गोदावरी उठली. "माझा भाऊ उन्हात पडलाय आणि ही मैत्रिणीची वाट बघतेय! किती वेळ ठेवायचं त्याला?" तिचंही खोटं नव्हतं. माणूस किती वेळ ठेवणार? किरण रडवेल्या आवाजात म्हणाला, "आई, आता चल ना." तेव्हा यमुनाक्कानं दोन्ही हात सुनेपुढं केले.

"तू बघ."

वैशालीनं पंजा धरला, साबण लावला, ओढायला लागली. तिला कुठं दाबायचं ठाऊक नव्हतं. यमुनाक्काचे सांधे आधीच सुजलेले. तिचा हात आखडला. सगळ्या बोळाला 'हात मऊ सोड' म्हणणाऱ्या बाईला स्वतःचा हात मऊ सोडता येईना. एक बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकली ती मागंही जाईना, पुढंही येईना. वैशाली रडायला लागली.

"हो बाजूला," गोदावरी म्हणाली आणि तिनं वरवंटा आणला.

पायरीच्या कडेवर मनगट ठेवून घातला. एकदा. दुसऱ्यांदा. दुसऱ्या हातावर पुन्हा. जो आवाज यमुनाक्कानं बोळातल्या एकाही बाईला कधी ऐकू दिला नव्हता, तो तिच्या स्वतःच्या मनगटावर झाला. तिची नजर बोळाच्या तोंडाकडं. तिकडं मोबाईलच्या दुकानात गाणं चाललं होतं आणि कंपनीच्या शर्टातली पोरं तिरडी बांधत होती. मग अण्णाला उचललं. बांगड्या फुटल्या होत्या. वाढल्या नव्हत्या, फुटल्या होत्या.

माणसं परतली, पाण्याच्या चुळा भरून झाल्या, आणि ऊन जरा कलल्यावर बोळाच्या तोंडाशी शांता दिसली. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, हातात पितळी डबा, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली. लांबूनच तिचा खणखणीत आवाज आला.

"यमे! एवढं मोठं दुकान केलंस आणि मला निरोपावर सांगतेस होय? दाखव बघू!"

शांता चार पावलं पुढं आली. अर्ध्या फळ्या लावलेलं दुकान तिनं बघितलं, पायरीवरची ओल बघितली, हिरव्या काचा बघितल्या. मग आत कोपऱ्यात बसलेली यमुनाक्का दिसली. शांताच्या हातातला डबा खाली पडला. झाकण उघडून सांज्याच्या पोळ्या पायरीवर घरंगळल्या.

"मेल्याच्या घरी गोडधोड!" गोदावरी कडाडली. "लाज नाही वाटत? गजरा माळून आलीय!"

"वन्सं, तिला काही बोलायचं नाही," यमुनाक्का म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. मग शांताकडं बघून हळू विचारलं, "निरोप पोचला नाही गं तुला?"

"पोचला." शांता उंबऱ्यावरच बसली. "प्रिया म्हणाली, अंगडी दोड्डदु माड्यारंत. दुकान मोठं केलंय म्हणाली यमुनाक्कांनी. मला वाटलं अण्णाला तो गाळा मिळाला. मला इतका आनंद झाला गं. म्हटलं रिकाम्या हातानं कसं जायचं, तुला सांज्याच्या पोळ्या आवडतात." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पोळ्या लाटत बसले यमे. तू इथं वाट बघत होतीस आणि मी पोळ्या लाटत बसले. फोनसुद्धा आतल्या खोलीत वाजला, मला ऐकू आला नाही."

यमुनाक्का तिच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. दारातली माणसं वळून बघायला लागली. नवरा जाळून आलेल्या घरात बाई हसतेय! पण ते हसू मध्येच मोडलं आणि सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं. ती इतकी रडली की गोदावरीसुद्धा मुकाट्यानं आत निघून गेली.

शांतानं गजरा ओढून काढला. ती जवळ सरकली, यमुनाक्काचे हात आपल्या मांडीवर घेतले. मनगटं सुजली होती, रक्त वाळलं होतं, आणि कातडीत हिरव्या काचेच्या बारीक कण्या रुतून बसल्या होत्या. सकाळचं पातेलं अजून भिंतीला होतं. शांतानं त्याच पाण्यात पदराचं टोक भिजवून रक्त पुसलं. मग ब्लाऊजच्या काठाची सुई काढली, दोरा दातानं तोडला, आणि उजेडाकडं हात धरून एकेक कण उकरायला लागली. तिच्या स्वतःच्या हिरव्या बांगड्या प्रत्येक वेळी किणकिणत होत्या. तिनं त्या वर सारल्या आणि पदरानं बांधून टाकल्या.

यमुनाक्कानं हात आखडला.

"हात मऊ सोड," शांता म्हणाली.

यमुनाक्कानं हात मऊ सोडला. बाहेर वैशाली पोळ्या आणि काचा एकाच सुपात भरत होती.

"शांते," यमुनाक्का शेवटी म्हणाली.

"काय गं?"

"प्रियाला मराठी शिकव. सगळी नको. तेवढा एक शब्द तरी शिकव."

शांतानं मान हलवली आणि पुढची कणी शोधायला लागली.